नापास व्हायचं ठरवलं

४ फेब्रुवारी, मंगळवार

"छान!" डॉक्टर म्हणाले.

पोटावरच्या टाक्यांच्या खुणा बघितल्या, हातमोजे काढून टाकले आणि पुन्हा एकदा — "एकदम छान भरलंय."

मी म्हटलं, वरून भरलंय, पण आत दुखतंय. ऑपरेशनच्या आधी दुखायचं तसंच. संडासला बसले की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

त्यांनी पोट दाबलं. "इथे? इथे? आणि इथे?" मी म्हटलं, आत्ता फार नाही. खरं तेच सांगितलं. "मग!" म्हणाले, आणि नवऱ्याकडे बघून हसले. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे! कॉम्प्युटरवर एक फोटो दाखवला, लाल-काळं काहीतरी. "हे सगळं जाळून टाकलंय. आता दुखायला आत शिल्लकच काही नाही. मनातून काढून टाका. आणि एक मूल होऊ द्या, उरलंसुरलं त्यात जाईल." नवरा मान डोलावत होता.

एंडोमेट्रिओसिस. हे नाव कळेपर्यंतच माझं निम्मं तरुणपण गेलं. गर्भाशयाच्या आत अस्तर असतं, तसलंच काहीतरी बाहेर, नको तिथे उगवतं आणि दर महिन्याला तिथे सुजतं, चिकटतं, ओढतं. डिसेंबरात दुर्बिणीतून ऑपरेशन केलं तेव्हा वाटलं, सुटले. आता म्हणे शिल्लकच काही नाही. मग हे दुखतंय ते काय शेजारणीचं?

ऑपरेशनपासून आई आमच्याकडेच राहायला आलीय; टॅक्सीत म्हणाली, "बघ, एवढे मोठे डॉक्टर छान म्हणाले. आता तूही म्हण." आजपासून त्या माणसाचं नाव छानसाहेब.

बाकी मी आज दिसत होते मात्र छान. आईने केस विंचरून दिले, इस्त्रीचे कपडे काढून ठेवले. दवाखान्यात अवतार करून जायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. कामवाली येण्याआधी भांडी विसळून ठेवणारी माणसं आम्ही! मीही दोन गोळ्या घेतल्या, लिपस्टिक लावली आणि गेले. गोळ्या घेतल्या नसत्या तर तिथल्या खुर्चीत बसवलंच नसतं.

५ फेब्रुवारी

दुखतंय. छान.

१० फेब्रुवारी, सोमवार

पाळीचा दुसरा दिवस. तरी कामावर गेले. डिसेंबरातल्या रजेवरून मालक अजून टोमणे मारतात.

चष्म्याच्या दुकानातली मागची अंधारी खोली माझी. लोकांना खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड फ्रेम चढवायची, काचा घालत-काढत विचारायचं — हे बरं, की हे? दिवसभर तेच. मशीन नंबर सांगतं, पण मशीनचं ऐकून कोणी चष्मा करत नाही. शेवटचा शब्द खुर्चीतल्या माणसाचा. तो म्हणाला धूसर, तर धूसर. आज मध्येच कळ आली आणि भिंतीला धरून उभी राहिले. समोरचे आजोबा म्हणाले, "दोन्ही सारखंच वाटतंय हो." मी म्हटलं, मलाही.

घरी आल्या आल्या बाथरूमचं दार लावलं आणि हातगुडघ्यांवर ओणवी झाले. कपाळ फरशीला टेकवून. त्या एकाच अवस्थेत आतली ओढ जरा सैल पडते. लिहायलाही लाज वाटते. जनावरासारखी मी तिथे, आणि बाहेरून आई — "झालं का गं? किती वेळ?"

चहा देताना तिने नेहमीचं लावलं. "आम्हालाही यायची की पाळी. पोट थोडं दुखायचंच. आम्ही कोणी बाऊ नाही केला. हात चालता ठेवला की विसरायला होतं." खरं आहे तिचं. आईला दिवसाउजेडी आडवी झालेली मी कधी पाहिली नाही. लहानपणी एखाद्या दिवशी तिच्या अंगात यायचं आणि ती स्वयंपाकघराची फरशी घासायला घ्यायची. कोपरान् कोपरा, ओणवी होऊन, तोंडातून अवाक्षर न काढता. बाबा आम्हाला बजावायचे, "आज आईच्या वाटेला जाऊ नका रे." इतकी कणखर बाई, आणि तिच्या पोटी मी अशी रडकी!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक गंमत. चाळिशीची बाई, आयुष्यातला पहिला चष्मा. डोळ्यांवर चढवून दुकानाच्या दारात गेली आणि समोरच्या झाडाकडे बघतच राहिली. "अय्या! पानं सुटी सुटी दिसतात?" आम्ही सगळे हसलो. तीही हसली. मग म्हणाली, "मला वाटायचं झाड म्हणजे हिरवा गोळाच. सगळ्यांना तसंच दिसतं असं धरून चालले होते."

बरं वाटलं. निदान कोणाचं तरी काम झालं आज माझ्याकडून.

१९ फेब्रुवारी, बुधवार

छानसाहेबांच्या दवाखान्यात फोन केला. ऑपरेशनचं रेकॉर्डिंग आणि सगळे रिपोर्ट हवेत म्हटलं. तिथली मुलगी — "कशाला हवंय? सरांनी छान सांगितलंय ना?" सगळा दवाखानाच छान! मी हट्ट धरला तेव्हा खुद्द साहेब फोनवर आले. आवाज असा मऊ, की जाहिरातीत घ्यावा. "इंटरनेटवर वाचत बसू नका. ऑपरेशन यशस्वी झालंय. तरीही दुखतंय म्हणता, तर एका मनाच्या डॉक्टरांचं नाव देतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

लाजण्यासारखं नाही, ते मलाही ठाऊक आहे. पण मनाला संडासच्या वेळीच बरं दुखतं!

संध्याकाळी नवऱ्याशी वाजलं. तो शाळेत शिकवून दमून आलेला, मी फोनवरून तापलेली. "किती डॉक्टर करणार आहेस? दुसरा तरी वेगळं काय सांगणार?" मी विचारलं, तुला वाटतं का मी खोटं बोलते?

"नाही," म्हणाला. पण नाही म्हणायला त्याला वेळ लागला.

तो वाईट माणूस नाही. रोज गरम पाण्याची पिशवी भरून देतो. पण तो जवळ आला की मी अंग चोरते, आणि दुखतं म्हणून चोरते हे त्याला आता पटेनासं झालंय. डॉक्टरनेच सांगितलं ना, आत काही नाही! मग बायकोचं मनच उडालं असणार. छानसाहेबांनी माझ्या संसारालाही टाके घातले, ते मात्र भरत नाहीयेत.

आज खूप राग आला. सगळ्यांचा. स्वतःच्या पोटाचासुद्धा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कळलं! माझं काय चुकलं ते कळलं! कोणाला सांगू असं झालंय, म्हणून इथे.

दुपारी एक ट्रकड्रायव्हर आले. पोट सुटलेले, मिशा पिळलेल्या, भारी गप्पिष्ट. तक्त्यावरची अक्षरं सांगा म्हटलं तर धडाधड सगळी सांगितली, अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा. उजव्या डोळ्याने तशीच, डाव्यानेही तशीच. मला शंका आली. दिवा बदलून दुसरा तक्ता लावला.  काका वरच्या मोठ्या अक्षरालाही अडखळले! आधीच्या गिऱ्हाइकाची तपासणी चालू असताना दाराशी उभं राहून त्यांनी सगळा तक्ता पाठ केला होता.

मी चिडले. "काका, ही परीक्षा नाही हो! इथे पास होऊन काय मिळणार? उद्या रस्ता दिसला नाही म्हणजे? जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणा, तरच मला काही करता येईल."

काका ओशाळून म्हणाले, "काय करू पोरी, तपासणी म्हटलं की माणूस चांगलंच दाखवायला बघतो."

काच माझ्या हातात तशीच राहिली. इस्त्रीचे कपडे. लिपस्टिक. दोन गोळ्या! गोळ्या घेऊन पोट बधिर करायचं आणि मग डॉक्टरपुढे आडवं व्हायचं. "इथे दुखतंय?" — "आत्ता फार नाही." मीसुद्धा तक्ता पाठ करूनच गेले होते की. दर वेळी. पहिल्या डॉक्टरपासून. पहिल्या नंबराने पास होऊन घरी यायचे आणि मग बाथरूममध्ये ओणवी.

छानसाहेबांचं त्याने काही माफ होत नाही. मी दुखतंय म्हटलं होतं, तोंडाने म्हटलं होतं. पण पुढच्या वेळी मी नापास होणार. ठरलं.

काकांना चांगला जाड नंबर निघाला. जाताना आशीर्वाद देऊन गेले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एक नर्स जवळचा चष्मा करायला आल्या होत्या. काचा बदलता बदलता विचारलं, हे दुखणं नीट बघणारं कोणी आहे का? त्यांनी एका डॉक्टरबाईंचं नाव दिलं. म्हणाल्या, "बाई गोड नाहीत हं बोलायला. पण हेच एक काम करतात."

गोड नाहीत, हे ऐकूनच निम्मं बरं वाटलं.

लगेच फोन लावला. तिथल्या मुलीने तारीख दिली, म्हणाली, "त्या वेळी पाळी असेल तर सांगा, पुढची देते." मी म्हटलं, नको, पाळीतलीच द्या! तिने दोनदा विचारून घेतलं. वेडी समजली असेल. समजू दे.

५ मार्च

आयुष्यात पहिल्यांदा पाळीची वाट बघतेय. ये गं बाई, या खेपेला वेळेवर ये.

१० मार्च, सोमवार

अंगात त्राण नाही, पण आजचं आजच लिहायला हवं.

काल आली. वेळेवर! नवऱ्याला शाळेत परीक्षेचं काम, म्हणून बरोबर आई. सकाळी चहाच्या कपाशेजारी तिने दोन गोळ्या आणि पाणी मांडून ठेवलं. मी म्हटलं, नको.

"वेड लागलंय का? रस्त्यात पडशील."

"पडले तर पडले. आज मला दुखायला हवंय."

घराला काडी लावायला निघाल्यासारखी ती माझ्याकडे बघायला लागली. "अगं, दुखणं काय मिरवायचं असतं? चारचौघांत तमाशा?" हो म्हटलं, आज तमाशा. "निदान केस तरी विंचर!" नाही विंचरले. रात्रीचा ढगळ पायजमा घातलेला होता, तोच ठेवला. आई गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाकून घेऊन आली, मला दिसेल अशी.

जिन्यावर मध्येच बसले. टॅक्सीत रस्त्याचा प्रत्येक खड्डा पोटात मोजला गेला. ड्रायव्हर आरशातून बघत होता, शेवटी न राहवून म्हणाला, "बाई, हॉस्पिटलला घेऊ का?" आई म्हणाली, "तिकडेच चाललोय ना बाबा!"

वेटिंग रूममध्ये बसवेना. उभीही राहवेना. खुर्चीच्या पाठीला धरलं, हात सुटले, आणि मग सगळ्यांदेखत खाली हातगुडघ्यांवर आले. चकचकीत फरशी, पलीकडे कोणाचे तरी पांढरे बूट. आईचा आवाज कानाशी — "ऊठ, ऊठ, लोक बघतायत." मला उठवेना. मग ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली, ओढणी दोन्ही हातांनी पसरून, लोकांकडे पाठ करून. लाजेने की मायेने, कोण जाणे. आणि खाली वाकून हळूच म्हणाली, "गुडघे लांब घे अजून. कंबर सैल सोड. श्वास धरू नको, सोड, सोड." तसं केलं. खरंच थोडी ढील मिळाली. बाळंतपणातली विद्या असावी.

डॉक्टरबाई काटकुळ्या, केस कापलेले. बसा नाही, हसणं नाही. पहिलाच प्रश्न — "शेवटची गोळी कधी घेतली?"

"घेतली नाही."

"का?"

"मागच्या वेळी घेऊन गेले होते. पास झाले."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. मग एकेक विचारत गेल्या. कुठे, कधीपासून, बसताना, संडासला, नवऱ्याजवळ जाताना. आई शेजारी बसली होती, तरी सगळं सांगितलं, शेवटचंही. आई खिडकीबाहेर बघत राहिली. "घरात आणखी कोणाला असा त्रास? आईला?" आई ताठ झाली. "छे! मला कधीच काही नव्हतं. सगळ्या बायकांना असतं तेवढंच." बाईंनी तेवढं लिहून घेतलं.

पडद्यामागे तपासलं. आतून, मागच्या अंगाला. एका जागी बोट लागलं आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. शब्द नव्हे, नुसता आवाज. पडद्यापलीकडे आईची खुर्ची खरकन सरकली. "हीच ना जागा?" मला बोलता येईना. "बोलू नका. कळलं मला. गाठ हाताला लागतेय."

गाठ हाताला लागतेय!

मी रडायला लागले. बाईंनी हात काढून घेतला, "झालं, झालं" म्हणाल्या. त्यांना वाटलं दुखण्याने रडतेय. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. आहे! ती आहे! मनात नाही, पोटात आहे, आणि परक्या बाईच्या बोटाला लागली.

कपडे करून बाहेर आले तेव्हा म्हणाल्या, "अशा आलात ते बरं केलंत. या दिवसांत ती ठसठशीत लागते. एरवी, त्यात गोळी घेऊन आला असतात, तर कदाचित मीही चुकले असते." छानसाहेबांबद्दल मी विचारलं. म्हणाल्या, "रेकॉर्डिंग बघितल्याशिवाय मी कोणाबद्दल बोलत नाही." एमआरआय लिहून दिला.

खाली आल्यावर आईने गुपचूप पर्समधून पट्टी काढली. आता मात्र मी दोन्ही गोळ्या घेतल्या.

११ मार्च

 आईने आज चहा दोनदा गरम करून दिला. मग पाठमोरी, सिंकपाशी उभी राहून — "फार दुखतं का गं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी हो म्हटलं. तिने नळ सोडला.

२० मार्च, गुरुवार

रेकॉर्डिंग मिळालं! नवऱ्याने आणलं. छानसाहेबांच्या दवाखान्यात जाऊन काउंटरसमोर बाकावर पेपर तपासत बसला. सर नाहीत, उद्या या, सही व्हायचीय — प्रत्येकाला हा "बरं, थांबतो" म्हणाला आणि हललाच नाही. शेवटी त्यांनाच कंटाळा आला. मास्तरांशी चिकाटीत कोण जिंकणार!

संध्याकाळी दोघं डॉक्टरबाईंकडे. स्वतःच्या पोटाचा सिनेमा बघितला. गुलाबी, ओलं, चमकदार. पुढच्या बाजूचे काळे ठिपके जाळले, थोडा धूर, झालं. कॅमेरा बाहेर. बाईंनी मागे नेऊन एका जागी थांबवलं. "हे बघा. इथे गर्भाशय मागे आतड्याला चिकटलंय. ते सोडवून मागे बघायला हवं होतं. कॅमेरा तिकडे गेलाच नाही." एमआरआयमध्ये तिथेच गाठ. बाईंच्या बोटाला लागली तिथेच.

म्हणजे अंगण झाडलं आणि घरात पाऊलच टाकलं नाही. वर म्हणे घर स्वच्छ!

नवरा स्क्रीनकडे बघत बसला होता, थांबलेल्या चित्राकडे. जिना उतरताना म्हणाला, "मला वाटायला लागलं होतं की तू..." मी म्हटलं, माहितेय. "तू सांगत होतीस." माहितेय रे. राग आला होता तुझा, अजून आहे थोडा. हेही सांगून टाकलं. तो हो म्हणाला. माझी पर्स त्याच्या खांद्यावर होती, घरी येईपर्यंत त्याच्या लक्षातही आलं नाही.

२३ मार्च, रविवार

आता खरी भीती.

पुन्हा ऑपरेशन. या वेळी जाळायचं नाही, मुळापासून कापून काढायचं. आतड्याचे सर्जन बरोबर असतील, कारण गाठ आतड्याला धरून बसलीय. आतड्याचा तुकडा काढावा लागला तर काही महिने पोटावर संडासची पिशवी. बाईंनी सगळं सांगितलं, कागदावर चित्र काढून. "वचन देत नाही. पुन्हा उगवू शकतं. दुखणं किती कमी होईल ते नंतरच कळेल." मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, या एकदाही छान म्हणाल्या नाहीत. त्यावरच भरवसा बसला.

पण पिशवी! काल आरशापुढे पोटावर हात ठेवून उभी राहिले. आणि एवढं करूनही दुखत राहिलं तर? तेव्हा कोणाकडे जायचं? तेव्हा सगळेच म्हणतील, आता मात्र मनाचंच.

आई घाबरलीय. "आतड्याला हात लावायचा? नको गं. सोसेल तेवढं सोस. वय झालं की आपोआप थांबतं." मी ओरडले तिच्यावर. "तुला काय कळणार? तुला कधी दुखलंय का?" ती उठून आत गेली. नंतर वाईट वाटलं. तिने तरी काय करावं, जे तिने भोगलंच नाही ते तिला कसं कळावं.

मालकांना रजा मागितली. "पुन्हा? डिसेंबरात झालं ना?" मी म्हटलं, मालक, चष्मा चुकीच्या नंबरचा निघाला तर आपण नवा करून देतो की नाही? की गिऱ्हाइकाला सांगतो, डोळे मनातून काढून टाका? बराच वेळ फ्रेम पुसत राहिले. मग म्हणाले, "जा. पण मागच्या खोलीची किल्ली देऊन जा."

१५ एप्रिल

उद्या सकाळी. पोट साफ करायचं औषध पिऊन पिऊन जीव मेटाकुटीला आलाय. आईने केस विंचरले. मी करू दिले. लिपस्टिक आणायला निघाली तेव्हा तिची तीच हसली.

भीती वाटते. पळून जावंसं वाटतं. सही केलीय.

१९ एप्रिल, शनिवार

पिशवी नाही!

शुद्धीवर आल्या आल्या आधी हात तिथेच नेला. नुसत्या पट्ट्या. आतडं वाचलं, वरून खरवडून गाठ सोडवली. डॉक्टरबाई आल्या, पायथ्याशी उभ्या राहिल्या. "होती तेवढी काढली. सुपारीपेक्षा मोठी होती. आता बघू." संपलं भाषण. दाराशी गेल्या, वळल्या. "पाळी थांबवायच्या गोळ्या मुद्दाम सुरू करत नाही अजून. आधी एक पाळी येऊ दे. ती काय सांगते ऐकू."

हसताना टाके ओढतात, तरी हसले. एवढं मोठं ऑपरेशन करून ही बाई शेवटचा शब्द माझ्यावरच सोडून गेली.

नवरा खुर्चीत मान टाकून झोपलाय. आई घरी गेली, अंघोळ करून येते म्हणाली. मला ठाऊक आहे, मोकळेपणी रडायला गेली.

२ मे, शुक्रवार

आई आज आपल्या घरी गेली. जाण्याआधी फ्रिज पुसला, गॅस पुसला. फरशीही घेत होती, मी हाताला धरून उठवलं. बस झालं म्हटलं. दारात म्हणाली, "आली की फोन कर."

येईलच आता. एरवी दोन दिवस आधीपासून कंबर सांगते, मांड्या सांगतात. जरा खुट्ट झालं की वाटतं, सुरू झालं. हात आपोआप ड्रॉवरमधल्या गोळ्यांकडे जातो. नवरा काही विचारत नाही, नुसता बघतो. घरात तिघं राहतोय असं वाटतंय, आम्ही दोघं आणि ते वाट बघणं.

दुखलं तर? हा एवढाच प्रश्न. दात घासताना, चहा गाळताना — दुखलं तर?

८ मे, गुरुवार

आली. कपड्यावर डाग बघितला तेव्हा कळलं! कंबर बोलली नाही, काही नाही. ओटीपोटात थोडं जड, बस. सकाळपासून चालतेबोलते आहे.

आईला फोन लावला. ओरडलेच — आई, आली, आणि मला कळलंसुद्धा नाही गं!

  पलीकडून अगदी हळू, जवळ कोणी ऐकणार नाही अशा बेताने तिने विचारलं, "न दुखता येते?"

दर महिन्याला ओणवी होऊन घासलेली आमच्या स्वयंपाकघराची फरशी किती लख्ख असायची.